कोणाच्या घरचं घरगुती

चिखलीत लोकांच्या वेबसाइटी बनवून पोट भरायचं म्हणजे आधी देवावरून भांडणं करायची. मस्करी नाही करत. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा येवो, मंगल कार्यालयवाला येवो नाहीतर सलूनवाला, पहिली मागणी एकच, देव वर पाहिजे. आता मोबाइलची स्क्रीन ती केवढी, जेमतेम वीतभर. तिच्यात वर गणपती, त्याच्याखाली कुलदैवत, त्याच्याखाली मालकाचा गॉगल लावलेला फोटो, अन् दुकानात काय मिळतं ते कळेपर्यंत गिऱ्हाइकानं अंगठा झिजवत बसायचं. मी म्हणायचे, देव जरासा लहान करू का? तर माझ्याकडे असं पाहायचे, की देवळातली समई मीच उचलून नेली आहे.

माझं ऑफिस बसस्टँडजवळ, एका कृषी केंद्राच्या वर. खाली फवारणीच्या औषधांचा वास, वर मी. आधी पुण्यात नोकरी केली होती. तिथं माझ्या तोंडून चुकून एखादं 'मले' निघालं की सगळा फ्लोअर खिदळायचा. म्हणून इकडे आले अन् ठरवलं, आपल्या लोकांसाठी काम करायचं. आपले लोक! तेव्हा मला हा शब्द लय गोड वाटायचा.

साइट बरी झाली की नाही, हे तपासायची माझी पद्धत साधी होती. भरलेल्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसायचं, एका हाताने वरचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातात मोबाइल. खड्ड्या-खड्ड्यांतून जाताना नुसत्या अंगठ्याने फोनचं हिरवं बटण दाबता आलं, तर काम पास. रेंज नसलेल्या फाट्यावरही पान उघडलं पाहिजे, म्हणून फोटो हलके ठेवायचे. इकडे कॉम्प्युटर कोण पाहतं? सगळं जग मोबाइलमध्येच. त्यामुळे मी आधी मोबाइलचं पान करायचे आणि कॉम्प्युटरचं मागून.

काकू माझ्याकडे आल्या त्या मंगल कार्यालयाची साइट मोबाइलवर पाहून. चिखलीजवळच्याच एका खेड्यातल्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला, कमी बोलणारा. काकू उन्हाळभर कुरडया करायच्या, गल्लीतल्या तीन-चार बायका हाताशी घेऊन. गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढून शिजवायचा अन् साच्यातून दाबून उन्हात वाळवायचा, हे इकडे घरोघरी येतं. पण काकूंची कुरडई तळली की ताटभर फुलायची. अन् तिच्या मधोमध एक बारीक गाठ असायची. साचा उचलताना त्या मनगटाला एक झटका द्यायच्या, त्याची ती गाठ. मी ती गाठ लहानपणापासून खात आले होते. कोणाच्या मनगटाची, ते तेवढं ठाऊक नव्हतं.

ठाऊक कसं असणार? सगळा माल चिखलीतल्या एका मोठ्या किराणा दुकानात जायचा. शेठ तो पुडक्यात भरायचा आणि वर लेबल चिकटवायचा. लेबलावर नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली गोरीपान बाई, अन् तिच्याखाली मोठ्या अक्षरात 'घरगुती'. कोणाच्या घरचं, ते कुठंच नाही. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, तसं. फक्त काकू आंधळ्या नव्हत्या. त्यांना सगळं दिसत होतं आणि आता ते सहन होत नव्हतं.

त्यांनी माझ्या टेबलावर एक पुडकं ठेवलं अन् त्या बाईच्या नथीवर बोट टेकवलं.

"हे कोन व्हय?"

मी म्हटलं, कोणी नाही काकू, नुसतं चित्र आहे.

"हिनं कधी चीक हाटला का? मंग हिचा फोटो काऊन? माहा लाव."

इतकंच त्यांना पाहिजे होतं. आपल्या हातचं लोक खातात, तर ते आपल्या नावानं खावं. लग्नाच्या रुखवतासाठी मोठ्या मोठ्या ऑर्डरी असतात, रंगीत कुरडयांचे मनोरे लागतात, त्या थेट आपल्या फोनवर याव्या. शेठला त्या तोंडावर सांगून आल्या होत्या, की यंदा तुम्हाले माल नाही. शेठ हसला होता म्हणे. म्हणाला होता, पाहा बाप्पा, जमते का तं.

फोटो काढायला मी त्यांच्या घरी गेले. पुढची खोली, खाली पाट, समोर परात, काकू साचा धरून बसलेल्या. मागच्या भिंतीवर निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला तो फोटो, ताजा हार घातलेला. काकूंचं घर बौद्ध आहे हे मला तोवर माहीत झालं होतंच. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी आता म्हणू शकते, पण खरं सांगायचं तर मनात एकदा येऊन गेलं, की हा फोटो लोकांना दिसेल. चांगला उजेड होता, फोटो काढले.

साइट तयार झाल्यावर त्यांना ऑफिसात बोलावून दाखवली. कॉम्प्युटरवर तो फोटो आडवा, पट्टीसारखा दिसत होता, नुसते हात, साचा अन् परात. मोबाइलवर मात्र पान उभं, म्हणून फोटोही उभा. तिथं खाली हात, मधे काकूंचा चेहरा आणि वर भिंत, हारासकट. काकूंनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोबाइल हातात घेतला आणि पदराने काच पुसली.

"हे बराबर आहे," त्या म्हणाल्या. "साहेब दिसून राह्यले."

मग मीच विचारलं, असंच ठेवायचं ना? तर म्हणाल्या, तू सगळ्यायचे देव वर ठेवतं ना? मंग माहे काऊन नाही? माह्या घरात ते वरच आहेत, मोबाइलमधीबी वरच राहतीन. याच्यावर मी काय बोलणार? ज्या बाईनं सगळ्या तालुक्याचे देव वर चढवले, तिनं?

नावाच्या जागी काकूंचं पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. साइट सुरू झाली अन् पहिले काही दिवस काय सांगू! काकूंचा फोन सारखा वाजत होता. जळगाव जामोदकडून एक ऑर्डर आली, तिकडच्या कोणा बाईला मेहकरच्या बहिणीने लिंक पाठवली होती. काकूंनी गव्हाची पोती आणली, गल्लीतल्या आणखी बायका बोलावल्या, भाड्याने खाटा घेतल्या. सगळं अंगण पांढरं, गुलाबी, हिरवं. माझ्या धाकट्या बहिणीचंही लग्न ठरलं होतं. मी आईला सांगून ठेवलं, की रुखवताच्या कुरडया काकूंच्या घ्यायच्या. आई म्हणाली, हाव, घेऊ ना.

मग कोणीतरी काय केलं, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला, भिंतीवरच्या फोटोभोवती बोटाने एक लाल गोल काढला अन् लग्नघरच्या बायकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकून दिला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. तो फिरत फिरत माझ्याही मोबाइलवर आला. पाठवणारी माझी शाळेतली मैत्रीण, सोबत हसरं तोंड.

त्यानंतर लोक जे मरायला लागले, बाप्पा! एकीच्या घरी सुतक पडलं. दुसरीचा मामा गेला. तिसरीचं लग्न पुढं ढकललं, चौथीच्या सासूने ऐनवेळी सांगितलं की आम्ही घरीच करतो. काकूंच्या फोनवर आलेली सगळी सुतकं खरी धरली असती, तर त्या उन्हाळ्यात चिखलीच्या बाजारात उभं राहायला माणूस उरला नसता. तोंडं इतकी गोड की विचारू नका. काकू, ताई, मावशी, वाईट नका वाटून घेऊ. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उलटून शिवी तरी देता येते, सुतकाला काय देणार?

एकच बाई खरं बोलली. काकू माझ्यासमोर बसल्या होत्या, फोन स्पीकरवर होता. मुलीच्या लग्नाची मोठी ऑर्डर होती, माल बांधून तयार होता. बाईचा आवाज शांत, एखाद्या मास्तरणीसारखा. ती म्हणाली, "काकू, कुरडया चांगल्याच असतीन, मी नाही म्हणत नाही. पण रुखवतात मांडाच्या आहेत नं. कोणाच्या घरच्या म्हणून पाहुण्यायनं विचारलं, तं मी काय सांगू?"

काकू म्हणाल्या, माह्या घरच्या सांगा. पलीकडून फोन कट झाला.

माझं डोकं फिरलं होतं. त्या बाईचा नंबर घेऊन तिला चार गोष्टी सुनवायला निघाले होते, काकूंनी मोबाइल पदराखाली दाबून धरला. मग मी म्हटलं, काकू, एक सांगू का, मी भिंत कापून देते. एका मिनिटाचं काम आहे. आडनावही काढू, नुसतं 'काकूंच्या कुरडया' लिहू. सीझन तर निघेल. मी त्यांच्या भल्यासाठीच बोलत होते. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, रागाने नाही, थकून.

"भिंत कापशीन, आडनाव कापशीन. मंग राह्यलं काय वो? ते नथवालीच ना?"

भिंत कापली नाही. फोन येणंही थांबलं. पत्र्याच्या पिपांमध्ये अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत भरून पडली. हाताखालच्या बायका मजुरीसाठी सांजच्याला दारात येऊन उभ्या राहायच्या.

शेवटी काकू शेठकडे गेल्या. एकटं जायला जीव होत नव्हता म्हणून मला सोबत नेलं. शेठ उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. नाकाने कांदे सोलणारा माणूस नाही तो, उलट लय मोकळा. म्हणाला, काकू, इतक्या वर्षांत मी कधी तुमची जात पाह्यली का? मालाले जात नसते. मी तर तुमचा मालच घेतो ना. सगळी पिपं घेऊन टाकतो म्हणाला. भाव अर्थातच त्याचा. काकूंनी मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला, हसतच.

"ताई, फक्त ते मोबाइलमधलं काढून टाका. एका मालाले दोन घरं बरे नाही दिसत."

मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई कप उचलून त्याच्या गल्ल्यावर आपटते. काकूंनी चहा संपवला, कप बशीत ठेवला अन् म्हणाल्या, "काढ."

तिथंच, त्याच्या काउंटरपाशी उभं राहून मी ते पान बंद केलं. मोबाइलवरून, अंगठ्यानेच. मला रडू येत होतं अन् त्या माणसासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी त्याच्या डाळीच्या पोत्यांकडे बघत राहिले. तो मला साइट बनवायचा खर्च किती येतो ते विचारत होता.

बहिणीचं लग्न त्यानंतर लगेच होतं. काकूंना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. त्या आल्या, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, बहिणीसाठी पातळ घेऊन. आईने त्यांचं चांगलं स्वागत केलं, हात धरून खुर्चीवर बसवलं. आमचं घर शेतीवाल्यांचं, बऱ्यापैकी जमिनीचं. पण आईच्या तोंडी मी कधी कोणाची जात ऐकलेली नाही. तिच्या तोंडी फक्त 'पाहुणे' असतात. पाहुणे काय म्हणतीन, यावर आमच्या घरातले सगळे कायदे चालतात.

कार्यालयाच्या कोपऱ्यात रुखवत मांडलं होतं. मधोमध कुरडयांचा मनोरा, पांढरा, गुलाबी, हिरवा. मी जवळ गेले. प्रत्येक कुरडईच्या पोटात ती गाठ. आईने त्या शेठच्या दुकानातून आणल्या होत्या. नथवालीची पुडकी फोडून, लेबलं चुलीत घालून. कोणाच्या आहेत हे तिला पक्कं माहीत होतं, मीच तर सांगितलं होतं.

काकू माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. आपली कुरडई त्या ओळखणार नाहीत तर कोण? तेवढ्यात विहीणबाई आल्या, मनोऱ्यातली एक कुरडई उचलून उजेडात धरली अन् कौतुकाने विचारलं, कोणाच्या घरच्या वो, विहीणबाई?

आई म्हणाली, "घरच्याच. माह्या हातच्या."

काकू हातभर अंतरावर होत्या. आईने त्यांना पाहिलं आणि नजर फिरवली, चोरासारखी नाही, घाईत असल्यासारखी. मी तोंड उघडलं. मला ओरडायचं होतं, सगळं कार्यालय ऐकेल असं. काकूंनी माझं मनगट धरलं. काय पकड त्या हाताची! हळूच म्हणाल्या, "चूप राय. माहा सगळा माल त्याच्याच दुकानात आहे." मग त्या विहीणबाईंकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, हाव, लय चांगल्या झाल्या. जेवायला थांबल्या नाहीत. एसटी चुकेल म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिची उत्तरं ठरलेली होती. मले काही नाही वो. मी त खाल्ल्याच ना त्याइच्या हातच्या, लहानपणापासून तुम्हालेबी खाऊ घातल्या. मी म्हटलं, तेव्हा तुला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आता माहीत आहे, तरी आणल्याच ना? दुसरीनं आणल्या असत्या का? तिला खरंच वाटत होतं की तिनं काकूंवर उपकार केले. त्या दिवशी मला माझ्या आईची किळस आली. असं लिहू नये म्हणतात. आली ती आली.

काही महिन्यांनी शेठ माझ्या ऑफिसच्या पायऱ्या चढून आला. त्याला मोबाइलवर चांगली दिसणारी साइट पाहिजे होती, खास 'घरगुती'ची. देव वर पाहिजे, हे आलंच. मग त्याने मोबाइल पुढं केला. हा फोटो टाका म्हणाला, हात मस्त आले आहेत. पाहते तर माझाच फोटो. काकूंची साइट चालू होती तेव्हा त्याने कॉम्प्युटरवरून उतरवून ठेवलेला, आडवी पट्टी. साचा, परात अन् दोन हात. चेहरा नाही, भिंत नाही.

मी त्याला थांबा म्हटलं, गॅलरीत गेले आणि काकूंना फोन लावला. जे झालं ते सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील, नाहीतर रडतील. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत त्या थांबल्या.

"टाक ना," म्हणाल्या. "पन उभा टाक."

मी आत आले. माझ्याकडचा मूळ फोटो काढला, मोबाइलवर उभा लावला अन् शेठच्या हातात दिला. खाली हात, मधे काकू, वर हारासकट भिंत. म्हटलं, काकूंची परवानगी आहे, पण फोटो असाच जाईल. त्याने बराच वेळ पाहिलं. मग मोबाइल माझ्या टेबलावर उलटा ठेवला, म्हणाला, ताई, तुम्ही लय शिकल्या पुण्यात. अन् पायऱ्या उतरून गेला.

साइट त्याने दुसरीकडून करून घेतली. या उन्हाळ्यात ती माझ्याही मोबाइलवर आली. जीपमध्ये होते, एका हातात वरचा दांडा. पान पटकन उघडलं, काम चांगलं केलं आहे, बनवणाऱ्याला नावं ठेवायला जागा नाही. वर गणपती. त्याच्याखाली ते दोन हात, बांगड्यांच्या वरून कापलेले. त्यांच्याखाली 'घरगुती', आणि अंगठा जाईल तिथं हिरवं बटण.

लिंक आईने पाठवली होती, आमच्या घरच्या ग्रुपवर. सोबत लिहिलं होतं, आपल्या चिखलीच्या कुरडया, सगळ्यांनी घ्या. खाली मावशीने विचारलं, कोणाच्या घरच्या गं?

आईने लिहिलं, आपल्याच.